रुळावरची अक्षरे

भिलाईच्या पोलाद कारखान्यास लागणारी चुनखडी ज्या भूमीच्या पोटातून निघत आली, त्या नंदिनीच्या खाणींच्या आश्रयाने वसलेल्या नंदिनी नगरात नावापेक्षा क्रमांकाचे माहात्म्य पहिल्यापासूनच अधिक. १९५५ च्या फेब्रुवारीत सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिज, हिर्रीचा डोलोमाइट व आमची चुनखडी अशी तिन्ही द्रव्ये कारखान्याच्या वाटेला लागली. तेव्हापासून या मुलखातील मनुष्याची ओळख कारखान्याच्या दप्तरातील आकड्यांनी पटू लागली. भिलाईत वस्तीस सेक्टरचा क्रमांक, गल्लीस गल्लीचा, घरास क्वार्टरचा आणि हजेरीपटावरील मनुष्यास त्याचा स्वतःचा. माझ्या वडिलांना आपल्या मुलांच्या जन्मतारखा आईला विचाराव्या लागत. परंतु हजेरीचा क्रमांक त्यांनी झोपेतून उठवले तरी बिनचूक सांगितला असता. नंदिनी ही भिलाईपासून बाजूस पडलेली, अहिवाऱ्याच्या वाटेवरची छोटी वसाहत. पण रीत तीच. पाण्याच्या टाकीवर, बसच्या पाठीवर, इस्पितळाच्या चादरीवर आणि शाळेच्या फाटकावर एकच मुद्रा पाहत जी पिढी वाढली, तिला मुद्रा ही वरून मिळावयाची वस्तू आहे, आपण करावयाची नव्हे, असे वाटले तर त्यात नवल नाही.

चुनखडीचा स्वभावही या रीतीस साजेसाच म्हणावा लागेल. भट्टीत ती खनिजातील वाळूमातीच्या अंशांशी संयोग पावते, त्यांना आपल्याबरोबर घेऊन मळीच्या रूपाने वेगळी निघते, आणि मागे राहिलेले लोह पुढे पोलाद होऊन देशभर जाते. मळी जवळच्या जामुलच्या कारखान्यात सिमेंटात मिसळली जाते. रुळावर किंवा पत्र्यावर चुनखडीचा मागमूस उरत नाही, आणि सिमेंटच्या पोत्यावर नंदिनीचे नाव छापण्याचे कोणास कारण नाही. ज्या गावाचे उत्पन्न अशा प्रकारे नामशेष होऊनच उपयोगी पडते, त्या गावात नावे आणि मुद्रा घडविण्याचे दुकान घालावे हा विचार माझ्या मनात आला, तेव्हा आमच्या बडेबाबूंनी केवळ भुवया उंचावल्या होत्या.

बडेबाबू म्हणजे आमचे हिशेबनीस. खाणीच्या कचेरीत आयुष्यभर कारकुनी करून निवृत्त झालेले हे गृहस्थ माझ्या वडिलांचे स्नेही. त्यामुळे ते माझे नोकर की पालक, याचा निर्णय अद्यापि झालेला नाही. वडील गोंदियाकडून खाणीत नोकरीस आले होते. मी नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात उपयोजित कला शिकलो, मुंबईत एका जाहिरात संस्थेत काही वर्षे काढली, आणि घरच्या आजारपणाच्या निमित्ताने परतलो तो इथेच राहिलो. अक्षररचना पाहणारी एक मुलगी, अभियांत्रिकी अर्ध्यावर सोडून चित्रे काढू लागलेला भिलाईचा एक तरुण, बडेबाबू आणि मी, असा आमचा कारखाना. पाटीवर मात्र ‘ब्रँडिंग व ग्राफिक डिझाइन’ असे भारदस्त शब्द आहेत, आणि त्या शब्दांकडे पाहून पहिल्या वर्षी निम्मे लोक फोटोंच्या चौकटी व लग्नपत्रिका मागावयास येत. लग्नपत्रिका आम्ही केल्याही. अन्न देणाऱ्या कामास कमी लेखण्याइतकी कलेची मिजास कोणासही परवडत नाही.

या व्यवसायाचे जे काही तत्त्व मला उमगले, ते मुंबईच्या वातानुकूलित खोल्यांत उमगले नाही. ते दुर्ग स्थानकाच्या फलाटावर नागपूरच्या गाडीची वाट पाहत असताना, समोरच्या रुळाकडे सहज दृष्टी गेली तेव्हा उमगले. भिलाईच्या कारखान्यात १९६० पासून रूळ तयार होत आले आहेत, आणि आता तर १३० मीटर लांबीचे एकसंध रूळ तिथे निघतात. रुळाचा माथा आणि तळ यांना जोडणारा जो मधला उभा पट्टा असतो, त्यावर ठरावीक अंतराने उठावदार अक्षरे असतात, हे प्रवाशांपैकी फारच थोड्यांनी पाहिले असेल. त्यांत निर्मात्याची खूण असते, रुळाचा प्रकार असतो, पोलादाची प्रत असते, आणि तो कोणत्या महिन्यात व साली लाटला गेला याची नोंद असते. ही अक्षरे मागाहून ठोकलेली नसतात. ज्या लाटांमधून तप्त पोलाद दाबून काढतात, त्या लाटांच्या अंगावरच ती उलटी आणि खोल कोरलेली असतात, आणि पोलाद लाल असतानाच त्यावर सुलटी व उंच होऊन उमटतात. म्हणजे वस्तू आणि तिची खूण ही दोन्ही एकाच क्षणी जन्मास येतात. उद्या कुठे रूळ भंगला आणि चौकशीस अधिकारी आला, तर प्रथम तो ती अक्षरे वाचतो, आणि कोणास जाब विचारावयाचा हे त्यास तिथल्या तिथे कळते.

त्या अक्षरांना वळण नाही, शोभा नाही, रंग नाही; कालांतराने गंज चढून ती काळवंडतात. तथापि मी पाहिलेल्या सर्व मुद्रांत ही मला सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण तिच्यात आपले कौतुक करून घेण्याचा हेतूच नाही. आमच्या पूर्वजांनाही ही गोष्ट ठाऊक होती. मराठेशाहीतील पत्राच्या माथ्यावर राजमुद्रा असे आणि शेवटी मर्यादेची मोर्तब. आणि तिचे प्रयोजन एवढेच की, इथे मजकूर संपला, यापुढे कोणी एक अक्षर वाढविल्यास ते आमचे नव्हे, आणि याच्या अलीकडचे प्रत्येक अक्षर आमचे आहे, त्याबद्दल आम्ही बांधलेले आहोत. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगढावर बसला, तेव्हा असल्या शिक्क्यांचे कागद या मुलखातही फिरले असतील. दारावर पाटी लावणे, पोत्यावर नाव छापणे, लेबलावर पत्ता देणे ही सारी त्याच रीतीची अपत्ये होत. मनुष्य आपली खूण एखाद्या वस्तूवर करतो, तेव्हा तो त्या वस्तूबद्दल उत्तर द्यावयास उभा राहतो. बाकीचा सर्व थाटमाट त्यानंतरचा.

आमच्याकडे येणारे गिऱ्हाईक मात्र नेमके याच्या उलट इच्छा मनात धरून येते. त्याची मागणी बहुधा एका वाक्यात असते: “भैया, एकदम कंपनी जैसा चाहिए.” त्यास पृथ्वीचा गोल हवा असतो, पंख पसरलेला गरुड हवा असतो, दातेरी चाक हवे असते, आणि या सर्वांना सोन्याची झिलई हवी असते. मग तो सुपेल्यात दोन खोल्यांचे शिकवणीचे वर्ग चालवीत असो की पॉवर हाऊसच्या बाजारात मोटारींच्या बॅटऱ्या विकीत असो. प्रारंभी मला या मागणीचे हसू येई. पुढे लक्षात आले की यात हसण्यासारखे काही नाही. अर्धशतकाहून अधिक काळ या प्रदेशात जे जे टिकाऊ, वेळेवर पगार देणारे आणि आजारपणात औषध पुरविणारे होते, ते ते कंपनीचे होते. जे एकट्या माणसाचे होते, ते पावसाळ्याबरोबर वाहून जाई. तेव्हा एकटा मनुष्य स्वतःच्या हिमतीवर दुकान मांडतो, त्या वेळी आपले एकटेपण झाकावे आणि कोणत्या तरी अनाम विशाल देहाचा आपण अवयव आहोत असे भासवावे, ही त्याची धडपड समजण्यासारखी आहे. मात्र समजण्यासारखी आहे म्हणून ती पुरवावी, असे मला कधी वाटले नाही.

साधेपणाचे समर्थन करताना मी नेहमी स्टेट बँकेच्या पासबुकाचा दाखला देतो, कारण नंदिनीतील प्रत्येक निवृत्त घरात ते कपाटाच्या वरच्या खणात असते. निळे वर्तुळ आणि खालून मध्यापर्यंत गेलेली ती कुलपाच्या छिद्रासारखी खाच, एवढेच ते चिन्ह. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शेखर कामत यांनी ते रेखाटले आणि १९७१ पासून ते बँकेच्या माथी आहे. त्यात कुबेर नाही, नाण्यांची रास नाही. खेड्यातल्या निरक्षर बाईलाही दुरून ती इमारत ओळखता येते, ही त्याची परीक्षा. गिऱ्हाईक हे सर्व शांतपणे ऐकून घेते, मान डोलावते, आणि म्हणते की बँक मोठी आहे, तिला साधे राहणे परवडते. या उत्तरात जे शहाणपण आहे, त्याचा प्रतिवाद मला अजून पुरता साधलेला नाही.

नावांचा प्रश्न त्याहून बिकट. डोंगरगडची माँ बम्लेश्वरी ही या सगळ्या पट्ट्याची आराध्य देवता. त्यामुळे किराणा, वीटभट्टी, वाहतूक, मोबाइल दुरुस्ती आणि वधूवर सूचक केंद्र या सर्वांवर तिचेच छत्र असते. श्रद्धेविषयी मला काही म्हणावयाचे नाही. मीही नवरात्रात पायऱ्या चढून आलो आहे. परंतु एकाच रस्त्यावर पाच बम्लेश्वरी ट्रेडर्स असले, तर सहाव्याच्या मालाची तक्रार पहिल्याच्या दारात जाते. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली नोंदणी करावयाची, तर छत्तीसगढचा अर्ज मुंबईच्या नोंदणी कार्यालयाच्या हद्दीत जातो, छोट्या व्यावसायिकास ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गामागे साडेचार हजार रुपये पडतात, आणि मिळालेला हक्क दहा वर्षे चालून पुढे नवा करता येतो. पण जे नाव सर्वांचे आहे ते एकट्याच्या सातबाऱ्यावर चढत नाही. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने उदबत्तीच्या एका प्रकरणात ‘रामायण’ हे नाव कोणा एका व्यापाऱ्याची मत्ता होऊ शकत नाही असा निवाडा दिला, त्याची हकीकत बडेबाबू गिऱ्हाइकांना असल्या तन्मयतेने सांगतात की, ऐकणारा नाव बदलावयास तयार झाला नाही तरी चहा घेऊन जातो. आमचा तोडगा साधा आहे: देवीला दुकानाच्या आत, गल्ल्यावर बसवावी, आणि पाटीवर आपले, आपल्या गावाचे किंवा आपल्या कामाचे नाव घालावे. काही जण ऐकतात.

ऐकणाऱ्यांत धमधा मार्गावरील एका तांदूळ गिरणीचे मालक होते, आणि त्यांच्या कामाची कथा थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. त्यांच्या मनात सहा रंगांचे, चकाकणारे, राजमुकुट धारण करणारे पोते होते. विणलेल्या प्लॅस्टिकच्या पोत्यावर छपाई करताना प्रत्येक रंगास निराळी प्लेट लागते. चकाकत्या आवरणाचे पोते केले, तर प्रत्येक रंगास निराळे सिलिंडर कोरून घ्यावे लागते, आणि त्याचा खर्च लहान गिरणीच्या एका हंगामाच्या नफ्यास भोक पाडू शकतो. तेव्हा प्रथम रंग दोनांवर आणले. मग आम्ही विचारले की पोत्यात आहे काय? धान कोणत्या गावांचे, नवे की जुने, तुकडा किती, गिरणीतून कोणत्या महिन्यात निघाले? मालक स्तब्ध झाले. असले प्रश्न पोते रंगविणाऱ्याने विचारावेत ही अपेक्षा त्यांना नव्हती; आणि खरे सांगावयाचे तर, उत्तर देण्याची सोयही नव्हती, कारण पोत्यावर मुकुट असला की आत जे मिळेल ते भरता येते, हीच त्या मुकुटाची किंमत होती.

दोन महिने तो मामला तसाच पडून राहिला. आवेष्टित वस्तूंविषयीच्या २०११ च्या नियमांनुसार निर्मात्याचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना व साल, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हे सर्व किरकोळीच्या पाकिटावर द्यावे लागते, अक्षरांची किमान उंचीही ठरलेली आहे, आणि अन्नपदार्थ म्हणून परवान्याचा चौदा आकडी क्रमांक वेगळा. सामान्यतः डिझाइनर हा सारा मजकूर पाठीमागच्या कोपऱ्यात मुंगीच्या अक्षरांत ढकलतात, जणू तो घरातला वेडसर नातेवाईक आहे आणि पाहुणे येताच त्यास मागच्या खोलीत बसविले पाहिजे. आम्ही तो मजकूर उचलून पुढच्या बाजूस घेतला. वर गिरणीचे गाव, ठळक. त्याखाली तांदळाची जात. मग महिना व साल, रुळावर असते तसे. आणि एक हिरवी पट्टी. बस्स. मालकांनी नमुना पाहिला, उलटसुलट करून पाहिला, आणि मुकुटाची चौकशी केली. शेवटी त्यांच्या धाकट्या मुलीने, जी रायपुरास शिकत होती, तो पसंत केला म्हणून तो छापला गेला.

पुढच्या उन्हाळ्यात मालक दुकानात आले ते संतापाने लाल होऊन. राजनांदगावच्या एका ठोक व्यापाऱ्याने पोत्यावरील महिना वाचून, हा माल जुना आहे असे म्हणून सबंध खेप परत पाठविली होती, आणि महिना स्वतःच छापलेला असल्यामुळे वाद घालण्यास जागा उरली नव्हती. “तुमच्या डिझाइनने माझे नुकसान केले,” असे ते म्हणाले, आणि ते अक्षरशः खरे होते. बडेबाबूंनी त्यांना पाणी दिले. तो व्यापारी आजही त्यांचाच तांदूळ घेतो. पण त्यामागे आमचे पोते आहे की त्या वर्षीचा भाव, हे सांगण्याचे धाडस मी करणार नाही. आमच्या व्यवसायातील पुष्कळ मंडळी विक्रीतील प्रत्येक वाढ आपल्या रेघेच्या खात्यावर जमा करतात. विक्री वाढते ती पावसाने, रस्त्याने, उधारीने आणि कधी केवळ शेजारचे दुकान बंद पडल्याने. मुद्रेचा वाटा त्यात असतो, पण तो मोजून दाखविणाऱ्यापासून मी चार हात दूर राहतो.

अक्षरांविषयी मात्र मी हट्टी आहे, आणि त्याचे कारण मी मराठी घरात वाढून हिंदीच्या मुलखात धंदा करतो हे होय. देवनागरी एक असली तरी ल आणि श यांची वळणे दोन्हीकडे निराळी आहेत: आपला ल दोन पाकळ्यांचा, त्यांचा उभ्या दांड्याचा, आपला श देठाचा, त्यांचा गाठीचा. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण ठरविला. परंतु संगणकावरचा फॉन्ट पुष्कळदा हिंदीची रूपे पुढे करतो, आणि मराठीची रूपे त्याच्या पोटात असली तरी भाषा निवडल्याखेरीज बाहेर काढीत नाही. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवाची पत्रिका आमच्याकडे येते, तेव्हा अक्षररचना पाहणारी आमची मुलगी, जी छत्तीसगढी घरातली आहे, प्रत्येक ल तपासून घेते. आणि मंडळातील वृद्ध मंडळींपैकी एखाद्याच्या डोळ्यांना ते जाणवते, बाकीच्यांना पत्रिका नुसतीच “आपल्यासारखी” वाटते. क्रुतिदेवात टंकलेला मजकूर घेऊन येणारे लोक अजूनही आहेत. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडला की रोमन अक्षरांचा कचरा दिसू लागतो, आणि सबंध दुपार त्याचे युनिकोड करण्यात जाते. र. कृ. जोशी यांच्यासारख्या सुलेखनकाराने विज्ञापनाच्या क्षेत्रातून येऊन देवनागरीस संगणकात प्रतिष्ठित केले, त्यांचा ‘मंगल’ कोट्यवधी यंत्रांवर पोहोचला, तरी आमच्या छापखान्यांतून जुनी वहिवाट जाता जात नाही.

छापील अक्षराशी या प्रदेशातील मराठी माणसाचे नाते जुने आहे. पेंड्र्याहून जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक निघाले, त्याचे संपादक माधवराव सप्रे व रामराव चिंचोलकर आणि प्रकाशक वामन बळीराम लाखे, तिघेही मराठी. याच सप्र्यांनी पुढे लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत उतरविले. ते मासिक तीन वर्षेच चालले, वर्गणीदार पैसे देईनात म्हणून कर्ते जेरीस आले. आणि हे वाचले की माझ्या थकबाकीच्या वहीस एकाएकी कुलपरंपरा लाभल्यासारखे वाटते. भिंती रंगविणाऱ्या पेंटरांचीही एक परंपरा या गावात होती. फ्लेक्सचे यंत्र आले, चौरस फुटावर दर ठरू लागला, आणि दोन-चार वर्षांत ब्रश खाली ठेवले गेले. त्यांपैकी एका म्हाताऱ्या पेंटरांना मी अजून बोलावतो. भिंतीवर मोठी अक्षरे काढावयाची असली की शिरोरेषेचा दोर कसा मारावा आणि उन्हात कोणता लाल टिकतो, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक नाही. लाल रंगाविषयी त्यांचे मत असे की, ज्या गावात धूळच लाल आहे तिथे लाल पाटी लावणाऱ्याने वर्षातून दोनदा ती धुण्याचा करार करावा. आम्ही हे गिऱ्हाइकांना सांगतो.

छोटे आणि स्वतंत्र राहण्याचे लाभ कोणते, असे मला मुंबईचे जुने सोबती फोनवर विचारतात. मुख्य लाभ असा की, नको ते काम नाकारता येते. आणि मुख्य तोटा असा की, नाकारलेल्या कामाचे पैसे कोणी देत नाही. निवडणुकीच्या हंगामात फ्लेक्सचा पूर येतो. नेत्याचा चेहरा किती मोठा आणि त्याखालच्या कार्यकर्त्यांचे चेहरे कोणत्या क्रमाने लहान, यावर रात्री-अपरात्री तंटे होतात. ते काम आम्ही सोडले, कारण त्यात रेघ ओढणाऱ्यास मत नसते, फक्त कोरलड्रॉ असतो. काही गिऱ्हाइकांना आम्ही सरळ सांगतो की तुम्हांला नव्या चिन्हाची गरज नाही, आहे ती पाटी धुवून घ्या आणि फोनचा क्रमांक वाचता येईल एवढा मोठा करा. असला सल्ला मोफत दिला तर त्याची किंमत राहत नाही, म्हणून बडेबाबू त्याची पावती फाडतात.

वसुली हे त्यांचेच खाते. सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे फार तर ४५ दिवसांत चुकते करावे असा २००६ च्या कायद्याचा दंडक आहे, हे वाक्य त्यांच्या तगाद्याच्या प्रत्येक पत्रात येते. भाषा अशी की जणू एखाद्या तहसीलदाराची नोटीस. “महाशय, मौजे नंदिनी नगर येथील आमच्या कार्यालयाचे बाकीचे निस्तरण करण्याची तजवीज व्हावी” अशी त्याची सुरुवात. बांधकाम करणाऱ्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने आमच्या रेखाटनांवरून पुस्तिका छापल्या, फलक उभारले, आणि दर वेळी “फाइनल मंजुरी बाकी आहे” असे सांगून देयक लांबणीवर टाकले. मूळ फाइल आमच्याकडे आणि इमारत त्यांच्याकडे, अशी ती सोंगटीची बाजी वर्षभर चालली. पैसे आले, पण पूर्ण आले नाहीत. तेव्हापासून निम्मा बयाणा हाती पडल्याखेरीज आम्ही पेन्सिल उचलीत नाही, आणि हा नियम नातेवाइकांनाही लागू आहे, विशेषतः नातेवाइकांना.

सध्या टेबलावर जे काम आहे ते अहिवाऱ्याकडील बायकांच्या एका बचत गटाचे आहे. त्या लोणची, पापड आणि तिखट करतात. रक्कम थोडी, कटकट पुष्कळ, आणि आमच्या दुकानात गेल्या काही वर्षांत आलेल्या कामांत मला सर्वांत अधिक शिकविणारे हेच. लेबलाचा रंग, बरणीची उंची, मिरचीचे चित्र यांवर त्यांचे एकमत चटकन झाले. घोडे अडले ते तक्रारीसाठी द्यावयाच्या संपर्कावर. नियमाप्रमाणे तिथे एका व्यक्तीचे वा कार्यालयाचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी पाहिजे. गटातील पुष्कळजणींच्या घरी फोन एकच, तो नवऱ्याच्या खिशात. कोणाचे नाव घालावे यावर आमच्या बाकावर बसून त्यांनी जी चर्चा केली, ती ऐकावयास मी काम थांबविले होते. एकीने म्हटले की लोणचे खराब निघाले तर लोक मलाच शिव्या देतील, तिखट तर मी करीतच नाही. दुसरी म्हणाली की मग तिखटावर तिखट करणारीचे नाव घाला आणि लोणच्यावर लोणचे करणारीचे. तिसरीने विचारले की पंचायतीचा फोन नाही का चालणार? बडेबाबूंनी हिशेबाच्या वहीतून डोके वर काढून, चालणार नाही, असे जाहीर केले.

अखेर गटाच्या अध्यक्ष असलेल्या काकींचा क्रमांक ठरला. म्हणजे त्यांच्या घरचा. पहिली खेप गेली, आणि आठवड्याभरात तक्रार आली की लोणच्यात मीठ अधिक आहे. ती काकींच्या यजमानांनी घेतली, आणि लोणचे आपल्याला आवडले, मीठ बरोबर आहे, असे परस्पर सांगून फोन ठेवून दिला. काकी दुसऱ्या दिवशी दुकानात आल्या त्या एक नवे सिमकार्ड आणि एक जुना, कडेला फुटलेला मोबाइल घेऊन. गटाच्या पैशातून घेतलेला, आळीपाळीने एकेकीकडे राहणारा, आणि तो कोणत्या दिवशी कोणाकडे याची यादी भिंतीवर लावलेली. लेबलाच्या दोन हजार प्रती शिल्लक होत्या. त्या वाया घालविणे परवडण्याजोगे नव्हते, म्हणून आमच्या मुलीने नव्या क्रमांकाचा एक छोटा चिकटकागद बनविला. आणि बायकांनी दुपारभर आमच्याच ओसरीत बसून जुन्या क्रमांकावर तो नेमका बसविला. दुसऱ्या खेपेच्या लेबलात क्रमांक पुढच्या बाजूस घ्यावा, मिरचीच्या चित्राखाली, असे त्यांनीच सुचविले आहे. मिरची थोडी लहान करावी लागेल.